पत्त्यासकट प्रार्थना

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. माझं आजवरचं लिखाण म्हणजे परीक्षेचे पेपर, आणि त्यातही एकात नापास झालो, ते पुढे येईलच. चर्चमध्ये मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की माझी जीभ टाळूला चिकटते. अशा माणसानं दुसऱ्याच्या भक्तीबद्दल लिहिणं हा आगाऊपणाच. पण अण्णांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आमच्या वस्तीतलं दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

अण्णांचं पंक्चरचं दुकान आमच्याच गावात, बीदरकडच्या मन्नाएखेळ्ळीला, हायवेच्या कडेला. रविवारी प्रार्थनेला उभे राहिले की ते टोपी काढून छातीशी धरत, डोळे घट्ट मिटत आणि देवाला पत्ता सांगत.

"प्रभू, मरियक्काचे गुडघे दुखायलेत. पाण्याच्या टाकीमागं, निळं दार. दारात शेळी हाय, जरा मारकी हाय."

आम्ही पोरं तोंडावर रुमाल धरायचो. पाळकसाहेबांनाही नेमका तेव्हाच खोकला यायचा.

एकदा मी धीर करून विचारलं, "अण्णा, देवाला सगळं ठाऊक असतं ना? मग पत्ता कामून सांगता?"

ते पाण्याच्या टपात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याला ठाऊक हाय रे. मला ठाऊक हाय का, ते तो बघायलाय."

त्याचा अर्थ मला बऱ्याच दिवसांनी कळला. कुणी आजारी पडलं की अण्णा शनिवारी सायकल काढून आधी त्याच्या घरी जात. दवाखान्यात असेल तर वॉर्ड विचारत, खाट मोजत. मरियक्काच्या शेळीनं त्यांना धडक दिली, ती अशाच एका शनिवारी. पत्ता पक्का झाल्याशिवाय त्यांच्या तोंडून प्रार्थना निघत नसे. फार तर म्हणत, "याचं पुढच्या रविवारी सांगतो, प्रभू. अजून जाऊन आलो न्हाई."

मी गुलबर्ग्याला शिकायला निघालो, तेव्हा त्यांनी हॉस्टेलचा पत्ता लिहून घेतला. मजला कुठला, जिना कुठल्या बाजूला, खिडकी कुठं उघडते, सगळं विचारलं. माझी खोली सतरा नंबरची. दर रविवारी आमच्या चर्चमध्ये सतरा नंबरचा गजर होऊ लागला, असं आई फोनवर सांगायची.

पण महिन्याभरात ढेकणांनी मला फोडून काढलं आणि मी बेचाळीस नंबरात गेलो. अण्णांना कळवायचं राहूनच गेलं. खरं म्हणजे, कळवण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नाही.

निकाल लागला. मी इंग्रजीत नापास. सतरा नंबरात माझ्या जागी मादन हिप्परगा गावचा एक मुलगा आला होता. पुस्तक उशाला घेणं एवढाच त्याचा अभ्यास. तो सगळ्या विषयांत पास झाला, आणि त्याचा सगळ्यांत जास्त धक्का त्यालाच बसला.

सुट्टीत गेलो तेव्हा अण्णांना सगळं सांगितलं. त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

"खोली बदललास आणि सांगितलास न्हाईस? सगळं सेमिस्टर मी सतरा नंबरसाठी गुडघे झिजवायलोय!" मग थोडं थांबून म्हणाले, "पास झाला का तो?"

"व्हय."

"नाव काय त्याचं? गाव कुठलं?"

पुढच्या रविवारपासून दोन खोल्या सुरू झाल्या. हॉस्टेलवर परतल्यावर हे ऐकून तो मुलगा मला गंभीरपणे म्हणाला, "तुझ्या अण्णांना सांग, मी खोली बदलणार न्हाई."

मला मात्र हसू येईना. इंग्रजीचं पुस्तक मी स्वतःच उघडलं नव्हतं, त्यात देवाचा काय दोष? त्या रात्री पहिल्यांदा मी मनातल्या मनात प्रार्थना केली, आणि आधी खोली नंबर सांगितला.

एकच प्रार्थना अण्णा पत्त्याशिवाय करत. सगळ्यात शेवटी. "माझा लेक. पत्ता तुला ठाऊक. माझा पत्ता हाय तोच हाय." तेव्हा कुणीच हसत नसे.

लेकाला लॉरी चालवायची होती, अण्णांना तो दुकानात हवा होता. शब्दाला शब्द लागला आणि अण्णा रागात बोलून गेले, "जा! कुठंतरी टायर बसला की येशील माझ्याच दारात!" तो गेला. आठ वर्षं ना फोन, ना निरोप.

पुढं बायपास झाला, गाड्या बाहेरून जाऊ लागल्या. दिवसाला दोन सायकली आणि एखादा ट्रॅक्टर एवढंच काम उरलं. पुतण्या बीदरला चला म्हणून मागं लागला. पाळकसाहेबांनीही समजावलं.

"त्याला एवढाच पत्ता ठाऊक हाय," अण्णा म्हणायचे. "मीच हललो तर देवानं त्याला आणून सोडायचं कुठं?"

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. "अण्णांचं दुकान बंद हाय रे."

मी घाईनं विचारलं, "काय झालं?"

"लेकासंगं सोलापूरला गेलेत, नातवंडं बघायला. तुझ्यासाठी चिठ्ठी ठेवलीय. गल्ली, घर, मजला, सगळं लिहिलंय. म्हणाले, आता देवाला माझा पत्ता तुझ्या पोरानं सांगायचा. मोठ्यानं."

लेक आला कसा, ते मी विचारलं. आई तेव्हा समोरच्या दुकानात होती, तिनं सगळं पाहिलं होतं. भर दुपारी बायपास सोडून एक लॉरी गावात शिरली आणि दुकानासमोर थांबली. अण्णा सवयीनं जॅक घेऊन बाहेर आले. वर न बघताच त्यांनी विचारलं, "कुठलं चाक?"

ड्रायव्हर खाली उतरला.

"सगळी चांगली हायेत, अप्पा."