तोतारामची कापसाची खोली

तोताराम पाटील साठी ओलांडलेला माणूस, आणि उभ्या गावात त्याला कुणी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मारकुट्या बैलाच्या वेसणीला हात घालावा तर त्यानंच, आणि विहिरीत दोराला धरून उतरावं तर त्यानंच. पण सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरात नातवंडं आठ दिवस राहायला आली आणि या गड्याची पार भित्री भागूबाई झाली.

मुलगा भाईदास भुसावळला रेल्वेत फिटर होता. त्याची बदली झाशीला झाली. सामान बांधायचं, क्वार्टर रिकामं करायचं, पोरं पायात पायात येणार, म्हणून त्यानं सात वर्षांच्या ज्योत्स्नाला आणि चार वर्षांच्या हेमूला शिंदखेड्याजवळच्या गावी आईबापाकडे आणून सोडलं. वरवर एवढंच. आतली गोष्ट अशी की तोतारामनं मुलापुढे हात जोडले होते. पोरीची शाळा आहे, तिला खुशाल न्या. पण हेमूला झाशीत घर मिळेपर्यंत वर्षभर माझ्याकडे राहू द्या. झाशी म्हणजे त्याच्या लेखी दुनियेचं दुसरं टोक. एकदा तिकडे गेलेली नातवंडं आपल्याला ओळखतील तरी का, हा घोर त्याला लागला होता.

भाईदास म्हणाला होता, "आठ दिन देखूत, आबा. मायबिगर राहयना ते ठेवसूत आठेच."

आईवाचून राहिला तर इथेच ठेवायचा, म्हणजे परीक्षा हेमूची होती. आणि पोरगं पठ्ठ्या निघालं. पहिल्या दिवशी एकदा आईचं नाव काढलं, मग वासराच्या मागे लागलं ते आईला विसरलंच. पास झाला म्हणायचं! तोताराम पारावर जाऊन सांगूनही आला की हेमू आता वर्षभर आपल्याकडे.

पण घरी आला की त्याचा जीव थाऱ्यावर नसे. विहिरीच्या काठावर त्यानं बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. विळे, कोयते, कुऱ्हाड सगळं आढ्याला टांगलं. लाकडाच्या ढिगात विंचू असतो म्हणून ढीगच उचलून गोठ्यामागे नेला. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या वायरकडे पोरांनी नुसतं पाहिलं तरी हा ओरडायचा. परक्याची अमानत सांभाळावी तसा डोळ्यांत तेल घालून बसलेला.

"आपला पोरे काय हवावर वाढनात का?" त्याची बायको सुगंधाबाई हसायची. "भाईदास दिवसभर कोठे राहे, तुमले ते माहीतबी नव्हतं."

खरंच माहीत नव्हतं, आणि आता ते आठवून तोतारामला उलट जास्तच भीती वाटायची.

एका जागेची मात्र त्याला भीती वाटली नाही. कापसाची खोली. सरकारी कापूसखरेदीचा काटा सुरू व्हायला अवकाश होता, तोवर वेचलेला कापूस घरातच भरून ठेवायचा, ही तिकडची रीत. दाराला खालून वर एकेक फळी लावत जायची आणि धाब्याला, म्हणजे वरच्या मातीच्या छताला, ठेवलेल्या भोकातून गाठोडी आत मोकळी करायची. कापूस फुगतो, जागा पुरत नाही. म्हणून घरातली पोरं आत सोडायची आणि नाचवून नाचवून तो दाबून घ्यायचा. तोताराम स्वतः लहानपणी नाचला होता, भाईदासही नाचला होता. कापसानं कुणाला काय होणार?

सहाव्या दिवशी दुपारी गाडीभर कापूस आला. तोतारामनं दोन्ही पोरांना फळ्यांवरून आत उतरवलं आणि आपण धाब्यावर चढला. पोरं कापसात उड्या मारत, खिदळत होती. ते खिदळणं ऐकून त्याचाही जीव पहिल्यांदा जरा सैल पडला. थोड्या वेळानं सुगंधाबाईनं चहाला हाक मारली. "निघा रे बाहेर!" तो भोकातून ओरडला. ज्योत्स्ना फळ्यांवर चढून बाहेर पळताना त्याला दिसली. तिच्यामागे हेमूही गेलाच असणार, असं त्यानं धरलं.

मग त्यानं पाच गाठोडी मोकळी केली. खाली आला, फळ्या ओलांडून खोलीत शिरला आणि पोरांचं राहिलेलं काम आपणच करू म्हणून धपाधप कापूस तुडवायला लागला. चांगला तुडवला, भिंतीकडेनं टाचा रोवून.

ज्योत्स्ना दाराशी आली. "आबा, हेमूचा चहा थंड होतोय. कुठे आहे तो?"

"तुनासंगे नही उना?"

"नाही. तो कोपऱ्यात बीळ करून बसला होता. म्हणाला, आबांना सांगू नको."

तोताराम जागच्या जागी थिजला. पाय उचलावा तरी भीती आणि ठेवावा तरी भीती. जिथे पाऊल पडेल तिथे खाली हेमू असेल. "हेमू! बोल ना रे, मना बाप!" तो ओरडला, पण कापसात आवाज मुरून गेला. कुठूनच ओ आली नाही.

तो पोटावर आडवा झाला, अंगाचा भार कुठे पडू नये म्हणून, आणि दोन्ही हातांनी कापूस उपसून दाराबाहेर फेकायला लागला. सुगंधाबाई धावत आली. तिनं फळ्या काढल्या आणि तीही उपसू लागली. आपण दाबून ठेवलेला कापूस आता हाताला येईना. माझ्या टाचा, माझ्याच टाचा, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. किती वेळ गेला, त्याला पुढे कधी सांगता आलं नाही.

हाताला आधी घोटा लागला. त्यानं ओढला. पोरगं निळंकाळं पडलेलं, नाकातोंडात कापूस. सुगंधाबाईनं बोट घालून तोंडातला बोळा काढला, पालथं धरून पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, तीन. काही नाही. चौथ्या थापेला पोरगं खोकलं, आणि मग त्यानं मोठ्ठं भोकांड पसरलं.

शांत झाल्यावर हेमू एवढंच म्हणाला, "आबा, मी हाक मारली होती. तुम्ही नाचतच होते."

"भाईदासले सांगू नका," सुगंधाबाई म्हणाली. ज्योत्स्नानंही गळ्याची शपथ घेतली. उरलेले दोन दिवस तोताराम हेमूच्या बाजूला बसून राहिला, पण त्याला उचलून घ्यायची त्याची हिंमत झाली नाही.

भाईदास आला, पोरगं हसतंखेळतं पाहून खूश झाला. "आबा, पास व्हयना तुमना पोऱ्या. राहू द्या आठेच."

तोतारामनं सगळं सांगितलं. टाचांचंही. भाईदासनं हेमूला जवळ ओढलं. मग बापाचा चेहरा पाहून म्हणाला, "आम्हीबी कापूसमा दडूत, आबा. व्हई जास. तुमीन मुद्दाम थोडंच करं? राहू द्या त्याले."

मुलगा चिडला असता तर सोसलं असतं. ही माफी त्याला सोसवली नाही. आपल्याला माफ करून हा पोराला पुन्हा आपल्याच हवाली करतोय, याचीच त्याला धडकी भरली. "नही भाईदास," तो म्हणाला. "त्याले तुनासंगे लई जाय. माले जमाव नही."

एस.टी. फाट्यावर उभी होती. भाईदासनं दोघांना खिडकीशी बसवलं. हेमूनं गजांतून हात बाहेर काढून आजोबाची बाही धरली.

"आबा, मी आता कध्धी लपणार नाही. मला ठेवा ना."

तोतारामनं बाही सोडवून घेतली आणि कंडक्टरकडे न बघताच म्हणाला, "मार घंटी, भाऊ."