छपराला खोबरेल

बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. निवृत्त होताना इतर लोक शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी येतात. आमचे बाबा एक घडीचं घर घेऊन आले. नवीन मशिनरी बसवायला आलेल्या कुणा परदेशी इंजिनिअरने तिच्याच कंटेनरमधून ते आणलं होतं. मोटारीच्या मागे जोडून ओढायचा, दोन चाकांचा, कमरेएवढा बसका डबा. पुढच्या बाजूला हँडल घालून फिरवलं की आतला पोलादी दोर ताणला जायचा, चार कोपऱ्यांतल्या नळ्या एकीतून एक बाहेर यायच्या आणि छप्पर वर उचललं जायचं. मग दोन्हीकडे गाद्या ओढून काढायच्या, कापडी भिंती ताणायच्या, झालं घर. साहेब मायदेशी गेला आणि डबा शेडमागे पडून राहिला. बाबांनी वरिष्ठांना सांगितलं, घड्याळ नको, तो डबा द्या. वरिष्ठांचं घड्याळ वाचलं आणि शेडमागची जागाही मोकळी झाली.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आईला परक्या गादीवर झोप येत नसे. सख्ख्या भावाकडेसुद्धा ती एकदा रात्रभर भिंतीला टेकून बसली होती आणि सकाळी वहिनीला "मस्त झोप लागली" म्हणाली होती. त्यामुळे गावोगावची लग्नं सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आणि हॉटेलचं तर नावच काढायचं नाही. बाबांची सगळी नोकरी एका इच्छेत गेली, की हिला घेऊन कुठेतरी डोंगरात जावं आणि सकाळी दोघांनी निवांत चहा प्यावा. ते कधीच झालं नाही. मला लहानपणापासून आईचा यावरून राग यायचा आणि बाबांचा तर त्याहून जास्त, कारण ते कधी भांडायचे नाहीत. आता त्यांनी आईची गादीच बरोबर न्यायचं ठरवलं होतं.

"एकदाच येईन," आई म्हणाली. "झोप लागली नाही, तर तो डबा भंगारात. आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

बाबांनी ही अट मनाला लावून घेतली. दर रविवारी आमच्या सोसायटीच्या आवारात छप्पर वर, छप्पर खाली. खाडीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून दोर पुसायचा, कप्प्या उघडायच्या, नळ्या घासायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पार्किंगमध्ये बेकायदा बांधकाम केल्याची नोटीस काढली. बाबांनी त्यांना खाली बोलावलं, नोटीस खिशात ठेवली, हँडल फिरवलं आणि त्यांच्यादेखत बांधकाम पाडून दाखवलं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग आईने स्वतःच्या धुतलेल्या चादरी आत घालून पाहिल्या आणि एका चादरीला ग्रीस लागलं.

"मी झोपणार तिथे हे काळं चालणार नाही," तिने जाहीर केलं. बाबांनी मशीनचं पातळ तेल सुचवलं. त्याला वास येतो म्हणून तेही बाद. आमची माणसं मूळची कोकणातली. डोक्यापासून दाराच्या बिजागरीपर्यंत घरात तेल एकच, खोबरेल. आईने बाटली आणून समोर ठेवली. ज्या माणसाने चुकीचं ग्रीस वापरलं म्हणून कारखान्यात भल्याभल्यांना झापलं होतं, त्याने निमूटपणे चारही नळ्या रॉकेलने धुतल्या आणि दर रविवारी त्यांत खोबरेल ओतायला सुरुवात केली.

"बाबा, हे तुम्हाला तरी पटतंय का?" मी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "पण ती येतेय ना."

डिसेंबरात महाबळेश्वरला निघालो. ओढायला जीप होती बाबांच्या मित्राची. हे काका पनवेलजवळच्या करंजाड्याचे. सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी जीप घेतली होती. त्यांनी डब्याला चहूबाजूंनी फेरी मारली. "सायेब, यो घर हाय का गारी?"

"दोन्ही," बाबा अभिमानाने म्हणाले.

दुपारी एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात डबा उभा केला. उन्हात छप्पर हूं की चूं न करता वर गेलं. सगळ्या घराला नुकतीच वेणी घातल्यासारखा वास येत होता. आईने घरून आणलेली आपली गादी चाचपली आणि चादरीचे कोपरे स्वतः खोचले. काका जीपमध्ये झोपले.

सकाळी मला एका घरघरीने जाग आली. वाटलं, काका जीप चालू करताहेत. उठून बघते तर आई घोरत होती, अगदी मोकळ्या गळ्याने. समोरच्या गादीवर बाबा शाल गुंडाळून बसले होते आणि डोळे मिटून ते ऐकत होते. मी स्टोव्हकडे हात नेला, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. चहा दोन तास लांबला.

आई उठली तेव्हा चांगलं उजाडलं होतं. "लागली का झोप?" बाबांनी विचारलं.

"पडून होते नुसती," आई म्हणाली.

बाबांचा चेहरा एवढासा झाला. मला मध्ये पडून ओरडावंसं वाटत होतं, पण त्यांनी नजरेनेच दटावलं. आम्ही सामान आवरलं. बाबांनी छप्पर खाली घ्यायला हँडल घातलं. दोर ढिला पडला आणि छप्पर तिथेच. मग एक कोपरा वीतभर खाली आला, बाकीचे तीन जागचे हलेनात. आमचं घर कुणीतरी टोपी तिरकी घातल्यासारखं दिसू लागलं. बाबांनी कप्प्या तपासल्या, दोर तपासला. काकांनी नळीच्या तोंडाशी बोट घातलं आणि ते ओरडले, "सायेब, नलीन लोनी हाय!"

"लोणी कसलं, खोबरेल थिजलंय," आई म्हणाली. "थंडीत बाटली नाही का आपण उन्हात ठेवत?"

बाबा मटकन दगडावर बसले. कारखाना बंद पडलेला असतानाही मी त्यांना कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "ऊन आलं की विरघळेल," ते म्हणाले. "मग खाली घेतो. घरी गेल्यावर भंगारवाल्याला बोलावतो. तू म्हणाली होतीस तसं."

आईने आवरलेल्या सामानातून स्टोव्ह परत काढला. आलं ठेचून चहा केला, एक कप बाबांच्या हातात दिला आणि दुसरा घेऊन त्याच दगडावर टेकली. समोर दरीतलं धुकं हळूहळू वर सरकत होतं. दोघं चहा पीत होते. मी आणि काका जीपमागे जाऊन उभे राहिलो.

अकराच्या सुमारास ऊन छपरावर आलं. काकांनी हाक मारली, "वयनी, निंगाचा ना?"

आई उठली आणि कोपऱ्यातल्या नळीपाशी गेली. मी तिच्या मागेच होते. नळीवरून तेलाचा ओघळ चांगला खालपर्यंत आला होता. आईने त्यावर हात ठेवला आणि वळून बाबांना म्हणाली, "अजून घट्टच आहे हो. आज काही हे खाली येत नाही. उद्या बघू."

बाबांनी तिच्या बोटांमधून ठिबकणाऱ्या तेलाकडे पाहिलं. मग त्यांनी हँडल काढलं, फडक्याने पुसलं आणि जीपच्या सीटखाली ठेवून दिलं.