कोपरा फाडलेला व्हिडिओ

कोरीटच्या कौसाबाईला गावात कुणी भांडखोर म्हणतं, कुणी तोंडाळ. दोन्ही खरं. पण खांडबाऱ्यात जाऊन तिनं जे भांडण केलं, त्याला नावं ठेवायची आपली तरी हिंमत नाही.

तिचा मुलगा भूपेंद्र नवापूरच्या पोल्ट्रीवर कोंबड्यांची गाडी चालवायचा. महामार्गाच्या एका वळणाला कठडा नव्हता, तिथं ती उलटली. कौसाबाई तेव्हा शेजारच्या अंगणात बायकांबरोबर मिरच्यांचे देठ खुडत होती. एका पोरीच्या मोबाइलवर गाणी चालली होती आणि मधेच तो व्हिडिओ लागला. रस्ताभर कोंबड्या, रक्त आणि चौकडीचा शर्ट. त्या शर्टाचं बटण तिनंच सकाळी लावून दिलं होतं. मरणाचा निरोप घेऊन निघालेला माणूस अजून वाटेतच होता. मिरचीचे हात तिनं तसेच डोळ्यांना लावले, आणि आग होतेय हेसुद्धा तिला कळलं नाही.

तिच्या लहानपणी माहेरी मयताचं कार्ड यायचं, त्याचा एक कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमनच्या हातात ते दिसलं की आई ओळखायची. पोरांना बाहेर पिटाळायची, डोक्यावर पदर घ्यायची, भिंतीला टेकून बसायची आणि मगच पोस्टमनला म्हणायची, "आते वाच." कौसाबाईला भिंतीला टेकायलाही कुणी उसंत दिली नाही. वर्ष उलटलं तरी तो राग निवला नव्हता.

त्यात नात रुचिका, भूपेंद्रची मुलगी, आठवीत गेली आणि अभ्यासासाठी तिच्या हाती मोबाइल आला. आज ना उद्या ही पोर बापाचं नाव टाकून शोधणार, आणि आपलं झालं तेच हिचं होणार, हे कौसाबाईला स्पष्ट दिसत होतं. सून रोहिणी म्हणाली, मोबाइल काढून घेऊ.

"किती दिन काढी लेशी?" कौसाबाई म्हणाली, आणि तिनं खांडबाऱ्याची गाडी धरली.

व्हिडिओ टाकणाऱ्या हेमकांतचं तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, शिवाय बातम्यांचं यूट्यूब चॅनल. पोरगा वाईट नव्हता, पण व्ह्यूजच्या नादाला लागलेला. त्याला वाटलं, म्हातारी रडायला आली. त्यानं स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि आधीच सांगून टाकलं, "आजी, बातमी शे ती. काढता येवाव नई."

"काढ कोन म्हनस? त्या वळणले कठडा नई, हाई दुनियाले दिसू दे. पन तो मन्हा पोऱ्याना मयतना कागद शे. त्याना कोपरा फाड."

हेमकांतला काही उमगेना. मग तिनं कार्डाची गोष्ट सांगितली. व्हिडिओ उघडण्याआधी जे चित्र दिसतं त्याचा एक कोपरा काळा कर, आणि सुरू होण्याआधी पुढे काय आहे ते सांग, इतकंच तिचं म्हणणं. तो हसला. असं सांगितलं तर निम्मे लोक बघायचेच नाहीत, म्हणाला.

"तेच तं मी म्हनस!"

त्यानं नकार दिला. बाजाराच्या दिवशी कौसाबाई त्याच्या दुकानाच्या पायरीवर ठाण मांडून बसली. कुणी तिथं मोबाइल काढला की ही हटकायची, "भो, त्या व्हिडिओमा मरन शे. घरमा दुःख व्हई तं देखू नको. देखनं व्हई तं बठीसन देख." लोक आधी हसले. मग एक भाजीवाली मोबाइल पालथा घालून तिच्याशेजारी टेकली आणि आपल्या भावाचं सांगू लागली. तिच्यामागून आणखी बायका आल्या. गिऱ्हाईक पायरी चढेना. हेमकांतनं वैतागून शटर ओढलं. पुढच्या बाजाराला कौसाबाई पुन्हा हजर. त्यानं पोलिसांची भीती घातली.

"बलाव. त्यास्ले बी सांगसू."

शेवटी हेमकांतच पायरीवर येऊन तिच्याजवळ बसला. "काय लिखू, सांग."

"लिखू नको. मन्हासारखी जिले वाचता येत नई, तिनी काय करानं? मी बोलस."

त्यानं मोबाइल धरला. तिनं डोक्यावर पदर घेतला, दुकानाच्या भिंतीला पाठ टेकली आणि पुढे काय दिसणार आहे ते मोजक्या शब्दांत सांगितलं. स्वतःच्या लेकाचं मरण असं जगाला समजावून सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. हेमकांतनं ते बोलणं व्हिडिओच्या सुरुवातीला जोडलं. त्याच संध्याकाळी चित्राचा कोपरा काळा झाला.

दिवाळीनंतर अंगणात पुन्हा लाल मिरच्यांचे ढीग पडले. कौसाबाई देठ खुडत असताना रुचिका मोबाइल हातात घेऊन पुढ्यात येऊन उभी राहिली. कार्डाची गोष्ट तिनं आजीकडून ऐकलेली होती; पोरीचा चेहरा उतरला होता.

"आजी, कोपरा फाडेल शे."

कौसाबाईचा हात थांबला. पण तिनं मोबाइल हिसकावला नाही. "देखनं शे?"

रुचिका तिच्यासमोर खाली बसली. मग म्हणाली, "आज नई. देखसू तवय तू बाजूले बठशी ना?"

"बठसू. भिंतले टेकीसन बठसूत, दोन्हीजनी."

रुचिकानं मोबाइल पालथा ठेवला. कौसाबाईनं अर्ध्या मिरच्या तिच्याकडे सरकवल्या आणि ती पहिली मिरची उचलायच्या आधीच बजावलं, "हात डोळाले लावू नको."