घडीतला काजवा

मंगरूळपीरच्या स्टँडवर मी पत्रकं वाटत होतो. मागणी जुनीच: तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय करा. मालेगावकडून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं खिडकीतूनच हाक मारली, "भाऊ, किन्हीराजा गावचा निरोप हाये. तुमच्या मामाची प्रमिला गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" खरंच विचारलं. वाटलं, नागपूरला गेली असेल, तिच्या प्रयोगशाळेत... कंडक्टरनं मान खाली घातली, तेव्हा कळलं.

मी पत्रकं लिहिणारा माणूस. कुणाला तरी जाब विचारल्याशिवाय माझा परिच्छेद संपत नाही. प्रमिलाताईवर लिहायला बसलो की जाब कुणाला विचारायचा तेच समजत नाही, म्हणून हे लिहिणं इतके आठवडे रखडलं. लहानपणापासून तिचे सांधे धरायचे, डोळे पिवळे पडायचे. गावात त्याला वात म्हणत. धम्म घेतल्यावर आमच्या घरानं गंडेदोरे सोडले, पण गंड्याच्या जागी औषध कुणी आणून दिलं नाही. नागपूरला कॉलेजात गेल्यावर तिला खरं नाव कळलं: सिकलसेल. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, आणि जिथं अडकतात तिथं जीव घेणारी कळ उठते. तिनं रसायनशास्त्र घेतलं, आणि पुढं संशोधनाला त्याच रक्तातलं प्रोटीन घेतलं.

एकदा तिनं मला प्रयोगशाळेतल्या काळोख्या खोलीत नेलं. जांभळट दिव्यापुढं एक काचनळी धरली. आत रंग घातलेलं पाणी, अगदी निर्जीव. त्यात तिनं प्रोटीनचे थेंब सोडले आणि नळी निळीहिरवी उजळली. नळी तापवली तसा तो उजेड उतरत गेला. प्रोटीनची घडी सुटते तसा रंग विझतो, किती विझला ते यंत्र मोजतं, आणि त्यावरून आत काय हललं ते समजतं. मग तिनं शेजारी दुसरी नळी धरली. "ही निरोगी माणसाची. आन् पहिली माह्या रक्ताची." दोन्ही सारख्याच उजळल्या होत्या. मी आनंदलो, म्हणालो, "म्हणजे फरक नाही?" ती हसली. "हा रंग आतल्या पोकळीत बसते रे. तिथं सारं ठीक हाये. बिघाड बाहेरच्या अंगाले हाये, एवढासा. तिथं चिकटणारा रंग पायजे..." तो रंग शोधण्यात तिची वर्षं चालली होती.

आणीबाणी उठल्यानंतरच्या एका पौर्णिमेला, वंदना झाल्यावर, विहारापुढं बायांनी तिला घेरलं. काय करतं वं तू तिकडं? ताईनं पदर हातात धरून सांगितलं, "प्रोटीन म्हंजे लांब लुगडं समजा. त्याची घडी असते. आमी एक रंग सोडतो. पाण्यात तो मुका राह्यते. घडीत शिरला का काजव्यावानी चमकते." एक म्हातारी फिसकन हसली, "माह्या लुगड्यात काजवा शिरला त मी लुगडंच फेकून देईन वं!" सगळ्या खिदळल्या. कौसल्याबाई तेवढी हसली नाही. तिची रतना मांडीवर कण्हत होती, तिलाही हेच दुखणं. ती म्हणाली, "प्रमिला, पुढच्या खेपी माह्या पोरीसाठी दोन काजवे आणजो."

"मावशी, ते औषध नोहे. ते नुसतं दाखवते."

"मंग दाखवू दे ना. काटा दिसला का काढता येते."

घरी जाताना मी तापलो. म्हणालो, "एवढं शिकून त्या बाईले काय दिलं आपण? कायले करतं हे?" ती चालता चालता थांबली, गुडघा धरला. "तू ओरडून इचारतं, मी रंग टाकून इचारते. उत्तर तुह्यापाशी नाही, माह्यापाशीबी नाही. म्हून इचारणं सोडावं काय?"

शेवटच्या वेळी ती सुटीत गावी आली होती. ताप आला, छातीत कळा उठल्या. दवाखान्यात वाताचं इंजेक्शन दिलं. रक्त तपासायची सोय नव्हतीच. असती तरी... सोय असती तरी त्यांनी नावच सांगितलं असतं. नाव तर तिला माहीत होतं.

परवा संध्याकाळी मामीकडं गेलो. चुलीच्या आरात वीट तापत ठेवली होती. ताई घरी असली की मामी रोज तशी वीट फडक्यात गुंडाळून तिच्या गुडघ्याला शेक द्यायची. मी विचारलं, "मामी, आता काहून?" मामी चिमट्यानं वीट ओढत म्हणाली, "चूल पेटवली का हात आपसूक जाते रे." मग फडक्याचे दोन वेढे देऊन वीट माझ्या हातात ठेवली.

"कौसल्याच्या घरी नेऊन दे. रतना सकाळपासून रडून राह्यली. आन् झपझप जाय, वीट थंडी होईन."

मी निघालो. हातात पत्रक नव्हतं. ताईची इतकी वर्षं, तो रंग, ते यंत्र, माझ्या साऱ्या मागण्या, आणि त्या पोरीसाठी आमच्याजवळ काय होतं, तर एक वीट. फडक्यातूनही तळहात भाजत होता. मी हात बदलला नाही, नुसता पळत सुटलो.