बोगनवेल चालणार नाही

एक मार्चला सकाळी साडेसातला बेल वाजली. दारात आमची शेजारीण उभी, हातात लाल-पांढऱ्या दोऱ्यांची जुडी. ती बल्गेरियाची. डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आठ वर्षं आमची भिंतीला भिंत. मी डाळ-तांदूळ धूत होते. तिने माझा ओला हात ओढला आणि मनगटावर दोरा बांधून टाकला. दरवर्षी बांधते. त्यांच्याकडे एक मार्चला सगळे एकमेकांना असा दोरा बांधतात, आणि करकोचा किंवा फुललेलं झाड दिसलं की सोडून झाडाला बांधतात. म्हणजे हिवाळा संपला. दुबईत कुठला आलाय हिवाळा, पण दोऱ्याला मी कधी नाही म्हटलं नाही.

गाठ मारता मारता तिने सांगितलं, की ती कायमची परत चालली आहे. गावी वडील एकटे, आता त्यांना झेपत नाही. तेरा तारखेचं तिकीट काढलंय.

मी म्हणाले, "बरं झालं," आणि कुकर लावायला आत गेले. राग आला की मला असं काहीतरी बोलायची खोडच आहे. कुकर लावला आणि तिथेच ओट्याशी उभी राहून स्वतःला चार शिव्या घातल्या.

इथे माणसं जातातच. निरोपाची बिर्याणी, ग्रुप फोटो, खलास. दोन महिन्यांनी त्या दाराशी दुसऱ्याच कुणाच्या चपला. मी आजवर किती जणांना हसत हसत निरोप दिला असेल. पण हिच्याकडे माझ्या घराची किल्ली होती. माझं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर माझी वेणी हिने घातली होती, तीही वाकडी. हिला कसं जाऊ द्यायचं?

तिने मात्र निरोपाची बिर्याणी नको म्हणून सांगितलं. "त्यापेक्षा एक दिवस मी तुम्हाला बल्गेरिया दाखवते. स्वयंपाक माझा. डोंगरात जाऊ, फुललेलं झाड शोधू, सगळे मिळून दोरे सोडू." वरच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाईंकडे सात सीटची गाडी. ते म्हणाले, "रमजान दोन दिवसांवर आलाय. दिवसाढवळ्या खायचं आसंल तर हाच शनिवार. यल्ला, चला!"

तर शनिवारी आम्ही सहा जण निघालो मसाफीच्या डोंगरांकडे: भाई, त्यांची बायको, आमचे हे, आमची बारा वर्षांची कन्या, शेजारीण आणि मी. आणि माझ्या डोक्यात एकच भूत. दोरा हातात आहे तोवर ही जात नाही. वेडेपणा होता, मान्य. तिकीट काय दोऱ्यावर निघतं? पण मी हट्टाला पेटले होते.

पहिल्याच वळणावर कन्या ओरडली, "फ्लॉवर्स!"

"बोगनवेल चालणार नाही," मी म्हणाले. "ती वेल आहे. झाड ठरलंय."

पुढे चौकात पिटुनियांचे गालिचे. मी म्हटलं, ही रोपं, उद्या उपटून दुसरी लावतील. अल धैदच्या आसपास भाभींनी खजूर दाखवला, त्याला चांगले पांढरे तुरे आले होते.

"फुलं कसली ती? केरसुण्या आहेत नुसत्या!"

"आई, टेक्निकली दॅट इज अ फ्लॉवर."

"तू गप्प बस."

"अगं, तू काय झाडांची परीक्षक आहेस का?" असं म्हणत ह्यांनी कपाळाला हात लावला. भाभी तोंडाला ओढणी लावून हसत होत्या. चोराच्या मनात चांदणं, म्हणून मी सगळ्यांकडे संशयाने बघत होते. शेजारणीने मात्र एकदाही माझ्याशी हुज्जत घातली नाही. ती आपली खिडकीतून बाहेर बघत होती.

मसाफीच्या पुढे एका वाडीत, म्हणजे इथल्या कोरड्या नदीपात्रात, दगडांच्या सावलीला चटई अंथरली आणि डबे उघडले. बनित्सा म्हणजे कागदासारख्या पातळ पोळ्यांच्या घड्यांत चीज आणि अंडं घालून खरपूस भाजलेला प्रकार. भाभींनी तीन तुकडे खाल्ले आणि चौथा "मुलासाठी" रुमालात बांधला. मुलगा मँचेस्टरला असतो. भाजलेल्या लाल मिरच्यांची चटणी इतकी गोड, की ह्यांनी खिशातून ठेच्याची बाटली काढली. लाज आणली मेल्याने. मग ताकातली काकडी आली, त्यात लसूण आणि चक्क शेपू. शेपू म्हटलं की मी स्वयंपाकघराबाहेर पळते. दोन वाट्या प्यायले!

ह्यांनी तिला विचारलं, "अजून बनित्सा?" तिने मान डावी-उजवीकडे हलवली. ह्यांनी डबा मिटला. आठ वर्षं झाली, तरी ह्यांच्या लक्षात राहत नाही की त्यांच्यात मान अशी हलवली की ते हो असतं. तिने शांतपणे डबा ओढून घेतला.

जेवल्यावर तिने फोनवर गाणं लावलं आणि सगळ्यांना हात धरून नाचायला उभं केलं. तीन पावलं पुढे, एक मागे. भाई पावलं मोजत मोजत थेट बाभळीत घुसले. इतकं हसलो की माझी बरगडी दुखायला लागली. मधेच मी विसरले, की हे सगळं तेरा तारखेला संपणार आहे. मग आठवलं.

परतीच्या वाटेवर भाईंनी करकचून ब्रेक दाबला. "वास आला! आंबा हाय हितं!"

रत्नागिरीच्या माणसाचं नाक. रस्त्याकडेला मळा, आणि कुंपणापाशी आंब्याचं झाड, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत मोहरलेलं. मधमाश्या घोंगावत होत्या. मळ्यावरच्या पठाणाने "आओ, आओ" म्हणून फाटक उघडलं. आम्ही खाली उतरलो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वहिनी," भाई म्हणाले, "आता ह्याला नाय म्हणालात तर घरी चालत यायचं."

मी तोंड उघडलं. पण मोहराला नाही म्हणायला जीभ रेटेना. आईच्यान् रेटेना.

सगळे भराभर दोरे सोडून फांद्यांना बांधू लागले. पठाण आधी घाबरला, मग त्यानेही हात पुढे केला. कन्येने त्याला आपला दोरा देऊन टाकला. माझी गाठ काही सुटेना. नऊ दिवस भांडी घासून ती आवळली होती. शेजारीण आली आणि नखाने सोडवू लागली.

"आधी तुझा सोड," मी म्हणाले.

ती खालीच बघत म्हणाली, "मला चार तारखेलाच करकोचे दिसले. अल कुद्राच्या तळ्यावर. तीन होते."

"मग दोरा का नाही सोडलास?"

"तू सोडला नव्हतास ना."

मी रडले. सरळ रडले, भाईंसमोर, त्या पठाणासमोर. तिने माझी गाठ सोडवली, मी तिची, आणि दोन्ही दोरे एकाच फांदीला बांधले. मग नाक पुसून, त्या दिवशी कुकरपाशी राहून गेलेलं मी एकदाचं बोलले, "अजिबात बरं झालेलं नाही. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. तुलाही वाटतं का?"

तिने नुसती मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे.