गळलेला ‘मे’

मोहफुलांच्या चार टोपल्या जप्त होऊन आमच्या फॉरेस्ट ऑफिसच्या व्हरांड्यात आल्या होत्या. शेजारी झरीकडच्या एका कोलाम आदिवासी वस्तीचे नाईक, म्हणजे प्रमुख, लेतूबाबा उभे होते.

“दरसाल वेचतो, बाबू. औंदाच काहून मनाई? थोडे दिवस फूल पडते. मंग पावसाळ्यात लेकरायले काय खाऊ घालू?”

साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी तिथे टायपिस्ट होतो, जागा टेंपररी.

गार्डनं ऑर्डर दाखवली. इंग्रजीत होती, मीच टाइप केलेली. ‘व्हिलेजर्स आर फॉरबिडन टु कट टीक ऑर टु बर्न ग्रास, अँड गॅदर महुआ.’ साग तोडायचा नाही, गवत जाळायचं नाही, मोह वेचायचा नाही, असा त्यानं अर्थ लावला होता. हेडक्लार्कही म्हणाले, “ऑर्डर साफ हाय. तू कायले डोकं लावतं?”

पण मला काहीतरी टोचत होतं. ‘टु कट’, ‘टु बर्न’ आणि पुढे नुसतंच ‘गॅदर’. इंग्रजीत एका वाक्यात कामं ओळीनं सांगितली, की सगळ्यांचं रूप सारखं ठेवतात. आपणही ‘खायला, प्यायला आणि झोप’ असं म्हणत नाही. आणि आमचे साहेब असे, की ‘आर’च्या जागी ‘इज’ पडला तरी कागद परत पाठवायचे. त्यांच्या हातून असं वाक्य उतरणं शक्य नव्हतं. म्हणजे मधला शब्द गळला होता. माझ्याकडून.

मी रेकॉर्डच्या खोलीत धावलो. गठ्ठे उपसले. साहेबांचा हातानं लिहिलेला ड्राफ्ट सापडला. ‘अँड’च्या पुढे, ओळीच्या अगदी टोकाला, बारीक ‘मे’ होता. ‘अँड मे गॅदर महुआ.’ म्हणजे मोह वेचायला परवानगी होती. मनाई साग आणि गवतापुरतीच.

ड्राफ्ट बघून हेडक्लार्कनी दार लोटलं. “दाबून टाक. टेंपररी हायेस. उद्या घरी बसशील.” माणूस वाईट नव्हता. माझ्याच काळजीनं बोलत होता.

मी दोन्ही कागद साहेबांच्या टेबलावर ठेवले.

“कोणी टाइप केलं हे?”

“मी, साहेब.”

“आणि चूक कोणी काढली?”

“मीच.”

त्यांनी पुन्हा वाचलं. “सही मात्र माझी आहे. दौऱ्याच्या गडबडीत ऑर्डर वाचली नाही.” मग म्हणाले, “बसा. दुरुस्तीची ऑर्डर आत्ता टाइप करा.”

तासाभरात गार्ड नवा कागद घेऊन सायकलनं वस्त्यांकडे निघाला. लेतूबाबांनी परत मिळालेल्या टोपल्या हुंगल्या, वरची आंबलेली फुलं काढून टाकली.

“काय झालतं, बाबू?”

“एक शब्द राहिला होता.”

“केवढा?”

मी ड्राफ्टवर बोट ठेवून दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं. “एवढासाच?” म्हणाले, आणि पहिली टोपली डोक्यावर घेतली.

मला लेखी ताकीद मिळाली. नोकरी राहिली, पुढे पर्मनंटही झाली. तेव्हापासून मी टाइप केलेला कागद दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला लावतो. आपल्या डोळ्यांना आपण लिहिलेलं दिसत नाही, लिहायचं होतं ते दिसतं.