देवडीतला मुक्काम

संस्थानं विलीन झाली आणि आमच्या राजेसाहेबांनी भुईकोट किल्ल्यातल्या खोल्या उतारूंना भाड्यानं द्यायला काढल्या. गुऱ्हाळावर ही बातमी आली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, चुलाणात चिपाडं सारत होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी त्या किल्ल्याच्या पहिल्या दरवाजावर पहारा केला होता. दुसऱ्या दरवाजाच्या आत फक्त वाड्यातली माणसं जायची. "मरायच्या आधी एकदा आत बघायचं हाय," असं आबा अधूनमधून म्हणत.

मी नुकताच पलटणीतून सुटून आलो होतो. तिथं भांडारात ब्लँकेटं मोजायचो, पण गावात मात्र लढाई मारून आल्यासारखा मिरवत होतो. आबांना किल्ल्यात नेऊन ठेवायचं म्हणजे मिरवण्याची हद्दच. साताऱ्याला जाताना वाटेत उतरलो आणि मॅनेजरना बजावलं, "म्हातारं माणूस आहे, गुडघे गेलेत. पायऱ्या नकोत. दरवाजाजवळची खोली द्या. आणि खरीखुरी जुनी द्या हं, नवं बांधकाम नको."

त्यांनी मी सांगितलं तेच दिलं. आठवड्यानं आबांना घेऊन गेलो, तर खोली निघाली पहिल्या दरवाजातली देवडी. पहारेकऱ्यांची बसायची-निजायची जागा. चुना फासला होता, कोनाड्यात आरसा लावला होता, दोन खाटा टाकल्या होत्या, एवढाच फरक.

आबांनी एका खाटेवर हात फिरवला. "माझी वळकटी हितंच असायची," ते म्हणाले. "लय लांब आणलंस, गड्या."

मॅनेजर म्हणजे संस्थानचे जुने कारभारीच. त्यांनी आबांना ओळखलं आणि बिचारे माझ्यापेक्षा जास्त ओशाळले. वरची खोली देतो म्हणाले, पण तिला जिना होता. शेवटी ते म्हणाले, "निजा इथंच, पण जेवायला आत या. राजेसाहेब स्वतः पाहुण्यांच्या पंगतीला असतात."

दिवेलागणीला आतून घंटा झाली. मी टोपी घातली. आबा काठी धरून दरवाजात उभे.

"आवं आबा, चला की."

"दार उघडं टाकून जाऊ व्हय?"

"आता पहारा नसतो. उतारू केव्हाही येतात."

"न्हाई तर न्हाई. पर मी हितं हाय न्हवं? पहारा बदलल्याबगर हलायचं नसतंय. तू तर पलटणीत हुतास, तुला ठावं असंल."

मला ठाऊक होता तो ब्लँकेटांचा हिशेब. आतून रश्श्याचा वास येत होता. शेवटी मी काठी मागून घेतली. "जावा. घेतला पहारा."

आबांनी माझ्याकडं खालवर पाहिलं, माझी टोपी सरळ केली आणि वहाणा हातात घेऊन दुसऱ्या दरवाजातून आत गेले.

थोड्या वेळानं एक मोटार आली. सुटातल्या गृहस्थांनी मला पाहिलं, काठी पाहिली आणि ट्रंक माझ्या हातात दिली. "आत पोचव रे." मी ट्रंक उचलून दुसऱ्या दरवाजापर्यंत गेलो आणि थबकलो. मागं दार मोकळं होतं. कोण येणार होतं त्यातून? आता राखायचं तरी काय उरलं होतं? पण पाय पुढं पडेना. उंबऱ्यावर ट्रंक ठेवून मी आतल्या गड्याला हाक मारली आणि माघारी येऊन उभा राहिलो. गृहस्थ काहीतरी पुटपुटत गेले. बहुधा माझ्याविषयीच.

आबा पान खाऊन परत आले. मी उतावीळपणे विचारलं, "कसं हाय आत?"

"आधी काठी दे."

दिली. मग ते देवडीच्या कट्ट्यावर टेकले. "खुर्ची दिली बसायला. राजेसाहेबांनी सोता भाकरी वाढली. मला वळखलं न्हाई त्यांनी. काचंच्या हंड्याबिंड्या टांगल्यात वर. झ्याक हाय सगळं."

"मग?"

"मी घडीघडीला हिकडं बघत हुतो, तू हैस का न्हाई ते. पर आतनं दार दिसतच न्हाई, रं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी थंडीवाऱ्यात ताठ उभा ऱ्हायचो. वाटायचं, आतनं कोण तरी बघत असंल."

माझ्यासाठी त्यांनी उपरण्यात दोन पुरणपोळ्या बांधून आणल्या होत्या. मी खात बसलो आणि ते दरवाजाकडं तोंड करून बसले.

सकाळी मॅनेजरनी वाडा दाखवतो म्हटलं. मी एसटीची सबब सांगितली. किल्ल्यात राहून आलो, असं मी अजून ऐटीत सांगतो. आतलं कुणी विचारलं की हंड्यांचं आणि खुर्चीचं सांगतो. दाराचं मात्र सांगत नाही.